सुट्टी मागायची कुणाला?

आता एखादा थोर माणूस भेटणार असं वाटत असंल, तर रुमाल खिशातच ठेवा. हा भूमच्या स्टँडसमोर पाण्याच्या जळलेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून द्यायचा. कॉलेजच्या एसटीची वाट बघत मी रोज त्याच्या बाकड्यावर बसायचो. नाव कधी विचारलंच न्हाय.

पुण्यातली नोकरी सोडून त्यानं स्वतःचं दुकान टाकलं होतं. तार गुंडाळता गुंडाळता तो जुन्या साहेबाची बोलणी ऐकवायचा. मला नकलांचा नाद. त्या साहेबाचा नाकातला आवाज मी न बघताच उचलला.

एका दुपारी बायकोचा फोन आला. पोरीचा शाळेत नाच होता. फोन ठेवून तो म्हणाला, "डोक्यावर कुणी न्हाय, हे लई भारी वाटतंय. पण सुट्टी मागायची कुणाला? कुलूप दिसलं की गिऱ्हाईक गेलं दुसरीकडं."

मी नाक दाबून म्हणलं, "काय हो, सारखी सुट्टी? जावा, मंजूर! उद्या वेळेवर या!"

तो खळखळून हसला, हात पुसले अन् शटर ओढून गेलाच.

आता मी लग्नांत नकला करून पोट भरतो. मलाबी साहेब न्हाय. घरचं कार्य अन् सुपारी एकाच दिवशी आली, की ते बाकडं आठवतं अन् मी स्वतःलाच तो आवाज काढून दाखवतो.

त्या नाचाच्या दुसऱ्या दिवशी मात्र त्यानं मला लई झापलं होतं. "सुट्टी देणाऱ्यानं जागेवर माणूस बसवायचा असतो, कळत न्हाय व्हय रं? गिऱ्हाईक परत गेलं माझं!" अन् झापता झापताच, हातात तार तशीच धरून, पोरीनं गिरकी कशी घेतली ते करून दाखवलं.