यादीतून सुटलेलं कूळ

वेंडेलिन क्लासेन बॉनच्या भौतिकशास्त्र संस्थेत तेवीस वर्षं होते. मोठा शोध त्यांच्या नावावर नव्हता. होती ती एक यादी. दोन मितींच्या जगात ज्या सममिती नांदतात, त्यांच्या कुळात एखादा नवा सदस्य घेतला तर कूळ टिकतं, की नियमांचा मेळ न बसून मोडतं, हे ते संगणकावर एकेक करून तपासत. टिकलं ते यादीत. माणूस इतका काटेकोर की सफरचंदाच्या फोडीही सारख्या व्हायच्या. म्हणून यादीवर सगळ्यांचा भरवसा.

मार्चमध्ये गुडरून थेलेन या तरुण संशोधिकेने चर्चासत्रात एक नवं कूळ मांडलं. क्लासेन बसल्या जागेवरून म्हणाले, "फ्राउ थेलेन, हे माझ्या यादीत नाही. पुन्हा मोजून बघा." लोक हसले. गुडरूनने प्रबंधातलं ते प्रकरण काढून टाकलं.

जूनमध्ये जुनी आकडेमोड चाळताना क्लासेन एका ओळीशी अडखळले. समीकरण सोपं करायला त्यांनी एका पदाने भागलं होतं, आणि गुडरूनच्या कुळासाठी नेमकं तेच पद शून्य होत होतं. उत्तर तिथेच हरवलं होतं. पहिल्या वर्षाच्या पोरांना ते याच चुकीसाठी फैलावर घेत. त्यांचे कान तापले.

गुडरून खानावळीत मसुराचं सूप पीत होती.

"तुमचं बरोबर होतं," ते उभ्यानेच म्हणाले. "मी शून्याने भागलं."

"तुम्ही?"

"मीच."

"प्रबंध सोमवारी द्यायचाय, हेर्र क्लासेन."

"मुदत मागून घेतो. चूक माझी, हे सांगूनच."

"मुदत मीही मागेन. पण लोक हसले ते भर सभेत, आणि माफी मात्र सुपाच्या वाटीपाशी होय?"

गुरुवारच्या चर्चासत्रात क्लासेननी फळ्यावर ती ओळ लिहून चूक सांगितली. मग तिथल्या रीतीप्रमाणे सगळ्यांनी बाकांवर बोटांची पेरं ठोकून दाद दिली. "वा, वेंडेलिन! कबूल करायला छाती लागते," कुणीतरी ओरडलं.

क्लासेनना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बरोबर असूनही तिच्या वाट्याला हसं आलं. चूक करून यांच्या वाट्याला दाद.

"पुरे," ते कसेबसे म्हणाले. "ही दाद माझी नाही." त्यांनी खडू गुडरूनपुढे धरला.

तिने तो घेतला. "बसा, हेर्र क्लासेन. आणि या खेपेला शेवटपर्यंत ऐका."

मान खाली घालून ते पहिल्या रांगेत बसले.