गजापुढचा अंगठा

लखनौत चारबाग स्टेशनमागच्या गल्लीतला म्हातारा कापडवाला अजून वारभर लांबीच्या लोखंडी गजानेच कापड मोजतो. गजावर इंग्रजांचा झिजलेला मुकुट आहे. जयंतीच्या निळ्या ध्वजासाठी मी त्याच्याकडे गेलो होतो. आईने बजावलं होतं, "तीन वार आण. ध्वजाला जोड नको."

मुकुट पाहून माझं डोकं तापलं. "चाचा, अंग्रेज गए! यह गज फेंकिए."

"गए तो गए, बेटा," तो हसला, "मेरा अंगूठा थोड़े ही ले गए."

त्याने ठाण उलगडलं. दुपारच्या उन्हात निळं कापड पाण्यासारखं वाहू लागलं. प्रत्येक गज संपला की तो पुढे अंगठा आडवा ठेवायचा आणि अंगठ्याच्या पलीकडून पुढचा गज धरायचा. मधलं कापड गिऱ्हाइकाचं, फुकट. मी भान हरपून बघत राहिलो. माझ्या पणजोबांचा अंगठा याच मुकुटाचा शिक्का असलेल्या कागदांवर घेतला गेला होता. हा अंगठा मात्र देत होता.

घरी आई कडा दुमडायला बसली आणि थबकली. "अगं बाई, दुमडीचं धरलंच नाही की!"

तिने कापड पुन्हा मोजलं. तीन वारांपुढे तीन अंगठे उरले होते. दुमड तेवढ्यातच बसली.