बोटी अजून बंदराबाहेरच

“स्वल्प थांबा, बोटी अजून बंदराबाहेरच आहेत.”

कुणी घाई केली की अण्णांचं हे वाक्य ठरलेलं. लिफ्टचं बटण दाबत सुटलेल्या शेजाऱ्यांना, चहा अर्धा टाकून ऑफिसला पळणाऱ्या मला, आणि कानडीत भाषांतर करून कुरियरवाल्यालाही. म्हणताना ते उजवा तळहात आडवा धरत आणि नजर अशी लांब लावत, की बसवनगुडीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरून त्यांना खरोखर समुद्र दिसत असावा. नव्या माणसाला वाटे, म्हाताऱ्याचा एखादा स्क्रू ढिला आहे. मलाही वाटलं होतं. तुम्हालाही वाटलं असतं.

मी बेळगावहून नोकरीसाठी बंगळुरूला आलो आणि त्यांच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहू लागलो. मराठी शेजार मिळाला म्हणून आई खूश झाली. अण्णांचं मराठी मात्र तिच्या ओळखीचं नव्हतं. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या इथलंच. वाक्य मराठीत सुरू होई, कानडीत संपे आणि मधला सांधा त्यांनाही सापडत नसे. एका सरकारी कारखान्यातून इंजिनीअर म्हणून ते निवृत्त झाले होते. उरलेला सगळा जीव त्यांनी एका लढाईला वाहिला होता, आणि तीही हरलेल्या.

लढाई पहिल्या महायुद्धातली. पूर्व आफ्रिकेत टांगा नावाचं जर्मनांच्या ताब्यातलं बंदर होतं. ते घ्यायला इंग्रजांनी हिंदुस्थानातून बोटी भरून फौज पाठवली. त्यात बंगळुरूच्या छावणीतली ब्रिगेड होती आणि तिच्यात अण्णांचे आजोबा शिपाई होते. आजोबांनी तोवर तलावापेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं.

दर गणेशोत्सवात आमच्या मराठी मंडळात अण्णा या स्वारीवर बोलत. पण बोलत ते अगदी मुळापासून. आज जिथे शिवाजीनगरचा बाजार आहे तिथे निघण्याआधी शिपाई काय काय घ्यायला गेले असतील, इथून सुरुवात. मग रेल्वे, मग मुंबई, मग बोट लागून झालेल्या ओकाऱ्या, त्या मात्र सविस्तर. अखेर बोटी टांगाच्या बंदराबाहेर येऊन उभ्या राहत, आणि तेवढ्यात सूत्रसंचालन करणाऱ्या बाई घंटी वाजवत, कारण पडद्यामागे नऊवारी नेसलेल्या छोट्या मुलींचा नाच खोळंबलेला असे. “उरलेलं पुढच्या वर्षी,” म्हणून अण्णा हसत खाली उतरत. पुढच्या वर्षी पुन्हा बाजारापासून. मंडळात यावर भरपूर चेष्टा चाले. फौज काही किनाऱ्याला लागत नसे.

त्यांच्या बायकोला सगळे अक्का म्हणत. त्यांची चेष्टा सगळ्यांत खमंग. “अहो, आता तरी उतरवा त्या बिचाऱ्यांना,” असं त्या स्वयंपाकघरातून म्हणत.

एका रविवारी अण्णांनी मला पुढचा थोडासा भाग सांगितला. फौज उतरण्याआधी एक लढाऊ जहाज एकटंच बंदरात गेलं. या बंदरात लढायचं नाही असं आधी काहीतरी ठरलं होतं म्हणे. ते आता आम्हाला मान्य नाही, हे कळवायला कप्तान गेला. जाता जाता त्याने विचारलंही, की पाण्यात सुरुंग पेरलेत का. तिथला जर्मन अधिकारी अदबीने म्हणाला, विचारून सांगतो. तो गेला आणि परत आलाच नाही. इकडे बोटी थांबून राहिल्या, तिकडे जर्मनांची कुमक रेल्वेने येऊन दाखल झाली.

“सभ्यपणा नडला बघ,” अण्णा म्हणाले. “लढायला जाताना कोण सांगून जातं?”

पुढे काय झालं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. चहा गार होतोय म्हणाले.

त्यानंतर वर्षभराने अक्कांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. खिडकीसमोरच्या पलंगावर त्या पडून असत. अण्णा त्यांना पेपर वाचून दाखवत, जुनी गाणी लावत, पण अक्कांची नजर कशावरच ठरत नसे. अण्णा मग व्हरांड्यात येऊन उभे राहत. मी ऑफिसातून आलो की तिथेच भेटत.

मग एके दिवशी त्यांनी मला हात धरून आत नेलं. खिडकीबाहेर, छज्ज्याखाली, आग्या मोहोळ बसलं होतं. इकडे त्याला हेज्जेनु म्हणतात. बंगळुरूच्या इमारतींना ते असं लटकलेलं तुम्ही पाहिलं असेल. मागच्या करंजाच्या फांद्यांमुळे आमचं मोहोळ खालून कुणाला दिसत नव्हतं. काच बंद होती. जवळून एखादी गांधीलमाशी गेली की सगळ्या माश्या एकदम अंग हलवत आणि पोळ्यावरून लाट सरकत जाई. आणि लाट सरकली की पलंगावर अक्कांचं डावं बोट वर होई.

“बघितलंस?” अण्णा म्हणाले. एवढंच. पण त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्या खोलीत कित्येक महिन्यांनी काहीतरी घडलं होतं.

दोन-अडीच महिने असे गेले. अण्णांनी पेपर वाचणं सोडलं. ते खुर्ची ओढून अक्कांशेजारी बसत आणि दोघं मिळून मोहोळ बघत. मग खालच्या मजल्यावर बारसं ठरलं. गच्चीवरून मागच्या बाजूने दिव्यांच्या माळा सोडणार असं कळलं. रात्री उजेड दिसला की या माश्या त्यावर धावतात, हे अण्णांना ठाऊक होतं. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि ते असोसिएशनच्या सेक्रेटरींकडे गेले. खिडकीपाशी मोहोळ आहे, छेडलं नाही तर ते कुणाला काही करत नाही, हंगाम संपला की आपोआप उडून जाईल, तेवढे मागच्या बाजूचे दिवे टाळा, असं त्यांनी समजावून सांगितलं. सेक्रेटरींनी कॉफी दिली, आभार मानले आणि कमिटीला विचारून सांगतो म्हणाले. अण्णा खुशीत घरी आले. चांगला माणूस आहे, म्हणाले.

दोन दिवसांनी सगळ्यांच्या फोनवर निरोप आला, की संध्याकाळी पेस्ट कंट्रोलची माणसं येणार आहेत, खिडक्या बंद ठेवाव्यात.

अण्णा तडक सेक्रेटरींकडे गेले, मागोमाग मी. सेक्रेटरी वाईट माणूस नव्हते, हे मी आजही सांगेन. त्यांनी शांतपणे विचारलं, खाली तान्हं मूल आहे, उद्या काही झालं तर जबाबदारी तुम्ही घेता का? अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. आम्ही जिना चढून वर आलो.

तिन्हीसांजेला दोघं जण गच्चीवरून दोराने उतरले. अण्णांनी पडदा ओढून घेतला होता, पण धूर, फवाऱ्याचा आवाज आणि त्यावरून उठलेली घूं घूं अडवणारा पडदा कुठे मिळतो? अक्कांचा डावा हात पडद्याच्या दिशेने वळला आणि तसाच धडपडत राहिला. अण्णांनी थोडा वेळ तो धरून ठेवला. मग उठले आणि पडदा सारला. अक्का बघत होत्या. अण्णा त्यांच्याकडे बघत होते. मी दोघांकडे. तिघांपैकी कुणालाही काहीही करता येत नव्हतं.

माणसं गेल्यावर अण्णा पलंगाच्या कडेवर बसून राहिले. “मीच सांगून आलो,” ते म्हणाले. “आयुष्यभर त्या कप्तानाला हसलो बघ.”

आणि मग, मी न विचारताच, त्यांनी लढाईचा शेवट सांगितला. फौज चिखलात उतरली, गावाच्या कडेपर्यंत पोचली. तिथे गोळ्यांचा पाऊस. तिथल्या लोकांनी मधासाठी झाडांवर पोकळ ओंडके टांगलेले होते, ते गोळ्यांनी फुटले आणि आतल्या चवताळलेल्या माश्या दोन्ही बाजूंच्या माणसांवर तुटून पडल्या. आधीच मोडलेली फौज पळत सुटली ती थेट बोटींपर्यंत. बंदुका किनाऱ्यावरच राहिल्या. आजोबांनी एका जखमी दोस्ताचा हात धरला होता. माश्या आल्या तसा तो सुटला. परत आल्यावर लोकांनी एवढंच विचारलं, माश्यांना घाबरून पळालात होय?

“माश्या म्हटलं की लोक हसतात रे. मीपण हसलो होतो, लहान असताना, त्यांच्या तोंडावर.” त्यांनी अक्कांच्या अंगावरची चादर सारखी केली. “तुला काय वाटलं, मला ती घंटी थांबवत होती? बोटी बाहेर आहेत तोवर कुणाचं काही गेलेलं नसतं. म्हणून मी त्यांना बाहेरच थांबवतो.”

त्या वर्षी गणेशोत्सवात मंडळाने त्यांना हवा तेवढा वेळ देऊ केला. ते आले नाहीत.

दिवाळीनंतर अक्का गेल्या. शेवटपर्यंत त्या छज्ज्याखाली उरलेल्या मेणाच्या डागाकडे बघत होत्या. त्यांना नेताना सगळ्यांना घाई होती. गाडी खाली उभी होती, गुरुजींना पुढे कुठे जायचं होतं. मी अण्णांकडे पाहत राहिलो. ते आता हात आडवा धरतील असं मला वाटत होतं. त्यांनी धरला नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला, महादेवपुऱ्यात राहणाऱ्या त्यांच्या मुलाने त्यांना आपल्याकडे नेलं, फार वरच्या मजल्यावर, जिथल्या खिडक्या उघडतच नाहीत. मी दोनदा भेटून आलो. गेल्या वर्षी तेही गेले. फोन मला दुसऱ्या दिवशी आला.

त्यांचा फ्लॅट बंद आहे. परवा ऑफिसला निघताना मी सहज मागच्या बाजूला गेलो आणि करंजाच्या फांद्यांतून वर पाहिलं. मोहोळ परत आलंय. त्याच जागी, त्याच डागावर. माझे डोळे भरून आले. कुणाला सांगावं असं फार वाटलं, आणि ज्यांना सांगायचं ते दोघंही नव्हते. बाकी कुणाला तर सांगायचंच नव्हतं. मी तसाच मान वर करून किती वेळ उभा होतो कोण जाणे.

“एनु सार, काय बघताय?” मागून वॉचमनचा आवाज आला.

काही नाही, म्हणालो आणि घाईने मान खाली घातली. तो मात्र मी बघत होतो तिथेच, डोळ्यांवर हात धरून, वर बघत राहिला.