सुई टोचलेली मोसंबी
कुणी मोसंबी सोलली की आजही मी तिथून उठून जाते. चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तर साल असेल. मी नुकतीच शाळेत मास्तरीण झाले होते आणि साखरेचा आजार जडलेल्या वडिलांना घेऊन जालन्याच्या एका दवाखान्यात गेले होते. घरी स्वतःच इन्सुलिन टोचून घेता यावं म्हणून तिथल्या नर्सबाई आधी मोसंबीवर सराव करून घेत; सिरिंजमध्ये नुसतं पाणी. स्पिरिटचा उग्र वास, आणि सगळ्या पेशंटांत मिळून एक मोसंबी. वडिलांची पाळी आली तसा आमच्याच धावडा गावचा एक मोठा शेतकरी, तोही पेशंट, म्हणाला, "बाई, हा बौद्धवाड्यातला. त्याला दुसरी द्या, आमच्या मोसंबीला हात न्हाई लागला पाहिजे." बाईंनी कचऱ्याच्या टोपलीतली सडकी काढून दिली. तिचं घाण पाणी वडिलांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं, पण सुई त्यांनी बिनचूक धरली. मग खरं इन्सुलिन घ्यायची वेळ आली. बाई दुसऱ्या पेशंटकडे गेलेल्या, आणि त्या शेतकऱ्याला स्वतःला टोचून घेणं जमेना. धोतर वर सारून त्यानं मांडी वडिलांपुढे केली. "तूच टोच रे, जल्दी. माझा हात बराबर चालून न्हाई राह्यला." वडिलांनी अलगद टोचली. खूश होऊन त्यानं ती सगळ्यांनी भोसकलेली, गळकी मोसंबी पुढे केली, "घे, पोरीला दे." वडिलांनी ती दोन्ही हातांनी घेतली. बाहेर येताच मी ती गटारात फेकली. आता मीही रोज सुई घेते, हातही वडिलांसारखाच हलका आहे. पण ती मोसंबी त्याच्या तोंडावर न मारता मी गटार शोधलं, या माझ्याच वागण्याची किळस अजून जात नाही.