बाबांना रागवायचं कसं

वारा आता जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागलाय, आणि जॉनासी आजची रात्र गोठलेल्या समुद्राच्या कडेला, जिथे बर्फ संपून पाणी सुरू होतं तिथे, काढणार आहे. असा वारा कडेचा बर्फ तोडून माणसासकट समुद्रात नेतो. हे त्याला ठाऊक आहे. पण समोर घुबड असलं की त्याला काय काय आठवतं, याची मला खात्री नाही.

जॉनासी माझा मुलगा, तेवीस वर्षांचा. सहकारी दुकानात खोकी उतरवतो आणि उरलेला वेळ पांढऱ्या घुबडांमागे घालवतो. तो जन्मला त्याच्या आदल्या महिन्यात माझे वडील गेले, म्हणून त्यांचं नाव त्याला दिलं. इथे उत्तर ध्रुवाजवळ, आमच्या लोकांत, नावाबरोबर नातंही येतं. तान्हा असताना तो माझ्या कोटाच्या पाठीवरच्या झोळीत असायचा, तेव्हापासून मी त्याला बाबाच म्हणते. चार वर्षांचा असताना तो फर्मावायचा, "पोरी, चहा टाक!" पाहुणे हसायचे, मी चहा टाकायची.

बाबांना कोणी रागवत नाही. घुबडाने ओकलेल्या, न पचलेल्या हाडा-पिसांच्या गोळ्या त्याने माझ्या कणकेच्या परातीत फोडल्या, तेव्हाही मी एवढंच म्हणाले, "बाबा, हे काय मांडलंय?"

"बघ ना पोरी, उंदराचं एक हाड नाही. सगळी बदकाची. हिवाळ्यात ही बाई समुद्रावर जेवते."

मग बोटं पुसत त्याने सगळं सांगितलं. समुद्र गोठला की पाण्याची थोडी डबकी उघडी राहतात, तिथे बदकं दाटीवाटीने जमतात. घुबडीण जवळच्या बर्फाच्या उंचवट्यावर बसते, पायाच्या बोटांपर्यंत पिसांत गुंडाळलेली. तासन्‌तास फक्त मान फिरते. एखादं बदक थकून काठाशी आलं की ती पाण्यालगत तरंगत येते आणि उचलते. पंखांचा आवाज जवळजवळ नसतोच.

"तिला घाई नसते," तो म्हणाला, जणू घरातल्याच कुणाचं कौतुक करत होता.

तेच तो तिच्याकडून शिकला. संध्याकाळी सॅटेलाइट फोनवरून बोलला, "बसलीय ती. अजून उपाशी आहे. मी थांबतो."

"बाबा, वारा फिरतोय."

"बापाला बर्फ शिकवतेस होय गं?" हसला आणि फोन ठेवला.

तेव्हापासून मला वडिलांची एक गोष्ट आठवतेय. तरुणपणी ते सीलच्या शिकारीच्या नादात असेच बर्फाच्या कडेला थांबले होते. त्यांची आई चालत तिथवर गेली आणि सगळ्या शिकाऱ्यांसमोर ओरडली, "ऊठ, मूर्खा! सील उद्याही येईल!" सत्तरीतही हे सांगताना ते लाजायचे. पण त्यानंतर वारा फिरला की ते सगळ्यांच्या आधी घरी यायचे.

जॉनासीला त्यांचं नाव मिळालं. बर्फावरची त्यांची पन्नास वर्षं मिळाली नाहीत, आणि ती शिवीही नाही. ती मीच अडवून धरली, मानापोटी.

चुलीचं धुराडं खडखडतंय. "बॅटरी कमी आहे, उगाच फोन करू नकोस," असं त्याने बजावलंय. उगाच नाहीच करत. नंबर समोर आहे, वाक्यही तयार आहे. सीलच्या जागी फक्त घुबड म्हणायचं.