आईचं पोट मी बांधलं तेव्हा

आईच्या डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग काढायचा ठरला, तेव्हा मला कापाकापीपेक्षा भुलेची भीती जास्त वाटली. चूक माझीच. आदल्या दिवशी भूल देणाऱ्या मॅडम आईला तपासायला आल्या आणि मीच त्यांना खोदून खोदून विचारत बसले. त्यांनी सरळ सांगून टाकलं. फुप्फुस आपणहून हलत नाही. बरगड्यांमधले स्नायू आणि छातीखालचा पडदा त्याला हलवतात. भूल देताना ते सगळे झोपवतात आणि तेवढा वेळ घशात नळी घालून यंत्र श्वास देतं.

"पण उठल्यावर काम त्यांचं त्यांनाच करायचंय," त्या म्हणाल्या. "दुखतं म्हणून माणूस श्वास वरच्या वर घेतो, खोकला दाबतो. कफ साठतो. मग पुन्हा नळी घालावी लागली, तर या वयात ती निघणं फार जड जातं."

मी शहाण्यासारखी मान डोलावली आणि बाहेर बाकड्यावर जाऊन बसले. आई मात्र निवांत. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर जन्म गेलेला, चाळीस वर्षं डोक्यावर मासळीची पाटी. म्हणाली, "पान्यात कंदी बुडाले नाय, ती भुलेत काय बुडनार?"

ऑपरेशन नीट झालं. घशातली नळी निघाली. पाठीत एक बारीक नळी ठेवली होती, त्यातून थेंब थेंब औषध जाऊन छाती बधिर राहायची. त्यामुळे आई खोकायची, श्वासाच्या व्यायामासाठी दिलेलं तीन चेंडूंचं प्लास्टिकचं खेळणं तोंडात धरून श्वास ओढायची. दुसरा चेंडू वर गेला की माझ्याकडे अशी बघायची, जणू पापलेटला हवा तो भाव मिळाला.

चौथ्या दिवशी सकाळी पाठीतली नळी काढली. आता गोळ्यांवर भागेल, डॉक्टर म्हणाले. तासाभरात आईचा चेहरा पिळवटला. सिस्टरला हाक मारायला मी उठले, तर आईने माझा पदर धरला.

"तिला नको बोलवू. माजं पोट बांद."

आमच्याकडे बाळंतिणीचं पोट बांधतात. माझी मुलगी झाली तेव्हा आईने जुनं लुगडं घेतलं, माझ्या कमरेला गुडघा लावला आणि असं आवळलं की डोळ्यांपुढे काजवे चमकले. पण दुखणं बसलं होतं, हे खरं. बाईचं दुखणं बांधलं की बसतं, ही तिची पक्की समजूत. वेळ आल्यावर कळलं, माझीही तीच होती.

मी विरारच्या शाळेत सातवीला विज्ञान शिकवते. श्वसनसंस्थेची आकृती डोळे मिटून फळ्यावर काढते. ते सगळं त्या सकाळी कुठे गेलं होतं, देव जाणे. उशाला घालायला आणलेलं तिचंच मऊ लुगडं मी घेतलं, खाटेभोवतीचा पडदा ओढला आणि छातीतलं पाणी काढायला कुशीत घातलेली नळी सांभाळत खालच्या बरगड्यांपासून ओटीपोटापर्यंत वेढे दिले.

"अजून आवळ," आई म्हणाली.

मी आवळलं. तिने डोळे मिटले. "आता बरा वाटते." वरून गाऊन, त्यावर चादर. मला अगदी कर्तबगार लेक असल्यासारखं वाटलं.

दुपारी तिने पेजेची वाटी परत केली. बोलताना दोन शब्दांनंतर थांबायला लागली. बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजनचे पंच्याण्णव असायचे, ते ब्याण्णव झाले. मी यंत्राची वायर हलवून बघितली. एकोणनव्वद. सिस्टरने मास्क लावला आणि फोन केला. मास्कच्या आत आई भराभरा श्वास घेत होती, पण हलत होते ते नुसते खांदे आणि मान. तोंडावर घाम आला होता.

भूल देणाऱ्या मॅडम धावतच आल्या. आईकडे एक नजर टाकून म्हणाल्या, "नळीची तयारी ठेवा."

नळी! आणि त्याच क्षणी मला चादरीखालचं लुगडं आठवलं. मी तोंड उघडलं, तर आईने माझं मनगट पकडलं. मान हलवली. सांगू नको. श्वासही पुरत नसलेल्या बाईच्या बोटांत तो जोर कुठून आला, कळेना. मी घाबरले होते, आणि खरं लिहायचं तर लाजही वाटत होती. दोन श्वास मी गप्प राहिले. तिचे दोन श्वास. ते मला अजून मोजता येतात.

"मॅडम, मी आईचं पोट बांधलंय."

त्यांनी चादर फेकली. गाठ सुटेना. सिस्टरने कात्रीने लुगडं उभं कापलं. मॅडमनी आईच्या पाठीला टेकवायला उशा लावल्या, दुखण्याचं इंजेक्शन दिलं आणि पोटावर तळवा ठेवला. "मावशी, माझा हात वर ढकला."

हात हलला नाही.

"ढकला मावशी."

जरासा हलला. छातीशी उशी कवटाळून आई खोकली, रडली, पुन्हा खोकली. एकोणनव्वद. नव्वद. पुन्हा एकोणनव्वद. नळीचा ट्रे उशाशी तासभर तसाच उघडा होता आणि मी त्याच्याकडे पाठ करून उभी होते. ब्याण्णव झाले तेव्हा मॅडम माझ्याकडे वळल्या.

"चार दिवस आम्ही हे स्नायू कामाला लावायला झटतोय, आणि तुम्ही त्यांनाच बांधून ठेवलंत?"

ट्रे परत गेला, तेव्हा कुठे मी खाली बसले.

आता आई घरी आहे. जेवण झालं की गॅलरीशेजारच्या खाटेवर लवंडते. मी वह्या तपासायला तिच्यासमोर बसते आणि वह्या राहतात बाजूला. पोट वर आलं, खाली गेलं. वर आलं. भीती अजून गेलेली नाही. एकदा डोळे न उघडताच ती म्हणाली, "चालू हाय. तुजा काम कर."

मग मीही विचारून टाकलं. त्या दिवशी मनगट का धरलंस? लुगडं सोडलं तर दुखेल म्हणून?

"दुखन्याला कोन भितो?" आई म्हणाली. "सगल्यांच्यासमोर ती मॅडम तुला बोलली असती."