सासूबाई निवडणुकीत पडल्या तेव्हा

लग्न होऊन मी वरकुट्याहून बारामतीत आले, त्याच वर्षी माझ्या सासूबाई नगरपालिकेच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या. आमच्या आळीत नळ नव्हता. कऱ्हा नदीच्या वाळूत झरे उकरून बायका पाणी आणायच्या. "मी निवडून आले की पयला नळ हितं," असं सासूबाई दारोदार सांगत फिरल्या. बायकांच्या राखीव जागेसाठी त्यांच्याविरुद्ध उभी होती मागच्या आळीतली शिंपीण, त्यांचीच मैत्रीण.

निकाल ऐकायला मामंजी कचेरीवर गेले. सासूबाईंनी सकाळीच शिऱ्याचा रवा भाजून ठेवलेला. मामंजी परतले ते उंबऱ्यातच घुटमळले.

"पडले न्हवं मी?" सासूबाईंनीच विचारलं.

"व्हय."

"मग तुमी कशापायी तोंड पाडताय?" असं म्हणून त्या चुलीपुढं पाठमोऱ्या जाऊन बसल्या. मी पाणी दिलं, ते घेतलं नाही.

थोड्या वेळानं हलगी वाजवत मिरवणूक आळीत आली. आमच्या दारापुढं येताच गुलालानं माखलेली शिंपीण मिरवणूक सोडून सरळ स्वयंपाकघरात शिरली आणि सासूबाईंचा हात धरून म्हणाली, "अक्का, मला लई भ्या वाटतंय. सभेत काय बोलायचं असतं?"

सासूबाई पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "आदी बस. शिरा करते."

त्यानंतर रोज दुपारी आमच्या ओसरीवर तालीम सुरू झाली. सासूबाई अध्यक्ष व्हायच्या आणि आवाज जाड करून विचारायच्या, "नळाला पैसं कुठनं आणायचं, बाई?" मला हसू आवरायचं नाही.

सभेच्या दिवशी सासूबाई तिच्यासोबत गेल्या आणि बाहेर व्हरांड्यात बसून राहिल्या. आत शिंपीण उभी राहिली आणि पाठ केलेलं सगळं विसरली. शेवटी एवढंच म्हणाली, "येक दिवस आमच्यासंगं हंडा घिऊन नदीवर चला. मग ठरवा काय ते."

"ह्ये मी शिकवलं न्हवतं हां!" सासूबाई पुढं कितीतरी वर्षं कौतुकानं सांगायच्या.

उन्हाळ्याआधी नळ आला. पहिला हंडा कुणी लावायचा यावरून दोघींचं असं काही वाजलं, की आठवडाभर त्यांच्यात बोलणं नव्हतं. निरोप मीच पोचवत होते.